हारेल त्यानं गिलास घासायचे

एकोणीसशे एकसष्ट साल. मी एकतीस वर्षांचा होतो, आणि तोपर्यंत दारू म्हणजे मोहाची, एवढंच मला माहीत होतं. सातपुड्याच्या पायथ्याकडून मडक्यातून यायची, नाक दाबून एका दमात उतरवायची आणि वर मिरची चावायची. तिला चव असते असं कोणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

त्या उन्हाळ्यात तुळशीराम हवालदार पलटण सोडून पेन्शनीवर वरवट बकालला परत आले. जळगाव जामोदकडून येणाऱ्या मोटारीतून उतरले तेव्हा अंगात पांढरा कडक सदरा, मिशीला पीळ, आणि दोन्ही हातांत एक लाकडी पेटी. बाकीच्या सामानाची ट्रंक हमालाने आणली. पेटीला त्यांनी कोणाचा हात लागू दिला नाही. गावात आठ दिवस त्या पेटीचंच बोलणं. कोणी म्हणे बंदूक आहे, कोणी म्हणे लढाईतलं सोनं आहे.

माझं घर त्यांच्या घरासमोर, म्हणून उघडलेली पेटी सगळ्यांत आधी मीच पाहिली. कांबळ्याच्या तुकड्यांत गुंडाळलेले सहा काचेचे गिलास.

"हे? बंदूक कोठी हाये मंग?" मी म्हटलं.

"बंदूक सरकारची होती, वापस केली," हवालदार म्हणाले. "गिलास माहे हायेत."

मी तिसरीपर्यंत शिकलो. पुढे मळा होता, मोट होती, वांगी-मिरची-कांदे होते. लिहिताना चुकत असेन, पण हे कोणाकडून सुधरून घेणार नाही. हवालदारांवर लिहायचं तर ते माझ्याच हातचं पाहिजे.

पलटणीत त्यांनी गोळ्या फार कमी झाडल्या. साहेबांच्या मेसमध्ये बाटल्यांच्या कपाटाची किल्ली वीस वर्षं त्यांच्या कमरेला होती. कोणत्या साहेबाला कोणती व्हिस्की, किती पाणी, कोणाला सोडा चालत नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात. वीस वर्षांत एक थेंब जिभेवर ठेवला नाही. बूच काढायचं, वास घ्यायचा, ओतायचं. पहिला घोट घेतला तो पेन्शनीचा कागद हातात पडला त्या दिवशी. गिलास एका साहेबाने जाताना दिले होते. साहेबाचं नाव त्यांनी कधी सांगितलं नाही. "त्याचं नाव कायले पाह्यजे?" म्हणत. "गिलास पाहा."

माणूस तसा उंचीने बुटका. घरात त्यांची विधवा बहीण गोदाआक्का आणि ते, दोघंच. सकाळी कोळशाच्या इस्त्रीने स्वतःचं धोतर स्वतः कडक करत. ते झालं की गिलास. वापरलेले असोत की नसोत, रोज एकेक गिलास धुतलेल्या मऊ फडक्याने पुसून सूर्याकडे धरायचे, एक डोळा मिटून आत पाहायचे, आणि ओट्यावर उपडे मांडायचे. सहा गिलास एका रांगेत. रस्त्याने जाणारी बाई हसे. गोदाआक्का म्हणे, "मानसं देवाले आंघोळ घालतात, आमच्या तुळशीरामाचे देव काचेचे."

त्या काळी दारूबंदी होती. परमिट असेल त्यालाच घरात बाटली ठेवता येई. हवालदारांना परमिट होतं, महिन्याच्या हिशेबाने मिळे तेवढी दारू ते जपून वापरत. दर रविवारी, ऊन ओट्यावरून उतरून निंबाच्या बुडाशी गेलं की आमची बैठक बसे. आम्ही म्हणजे उत्तमराव पाटील, जे गावचे पोलीस पाटील होते, वसंता कंपाउंडर, जो सरकारी दवाखान्यात औषधाच्या बाटल्या भरायचा, आणि मी. पाटील आणि कंपाउंडर आपापली बाटली कुठून आणतात हे विचारायची रीत नव्हती. पोलीस पाटीलच पंगतीला असल्यावर विचारणार कोण, आणि कोणाला?

पण ती पिण्याची बैठक नव्हती, हे पहिल्याच रविवारी कळलं. मी गिलास उचलून मोहाच्या सवयीने तोंडाला लावला, तर हवालदारांनी माझं मनगट धरलं.

"थांब बे. बैल पानी पेते काय हे?"

त्यांची पद्धत अशी. दोन बाटल्या. एक पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली, एक खाकी फडक्यात. एक त्यांची, दुसरी पाटलांची नाहीतर कंपाउंडरची. कोणत्या फडक्यात कोणती, ते फक्त हवालदारांना माहीत. प्रत्येकापुढे दोन गिलास, डाव्या हाताला पांढऱ्यातली, उजव्या हाताला खाकीतली, दोन दोन बोटं. दोन्ही गिलासांवर पळसाचं पान झाकण. आधी पान सरकवून नुसता वास घ्यायचा. मग कोरडा एक घोट, जिभेवर फिरवून. मग चमच्याने मोजून माठातलं पाणी, आणि पुन्हा वास. पाणी टाकल्यावर वास बदलतो हे मला तिथंच समजलं. "व्हिस्कीले पानी पाजा लागते, बुडवा लागत नाही," ते म्हणत. ते स्वतः शेवटी पीत, पितळेच्या फुलपात्रातून. काच पाहुण्यांसाठी.

मग तिघांनी सांगायचं, कोणती बरी आणि का. नुसतं 'लय चांगली' म्हटलेलं चालत नसे. "चांगली तं तुही बायको बी हाये, चव सांग," असं पाटलांना तोंडावर म्हणत, आणि पाटील, ज्यांच्यापुढे अर्धं गाव वाकायचं, ते गुपचूप पुन्हा गिलास नाकाशी नेत. दोघांचं मत ज्या बाटलीच्या विरुद्ध पडेल ती हारली. आणि ज्याची बाटली हारली त्याने सहाही गिलास घासायचे. राख घेऊन, काथ्याने, निंबाच्या बुडाशी उकिडवं बसून. पाटलांनाही सूट नाही. धोतराचा काचा मारून गिलास घासणारे पोलीस पाटील मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत. हवालदारांना घासताना मात्र कधी पाहिलं नाही. त्यांची बाटली हारतच नसे. कशापुढे काय ठेवायचं ते त्यांना बरोबर कळे.

आणि मीही कधी घासले नाहीत, कारण मी कधी बाटलीच आणली नाही. कुठून आणणार?

"किसन्या कधी हारत नाही," पाटील म्हणायचे, "काऊन का तो खेयतच नाही. त्याचं आपलं बसून पेनं."

मी हसायचो. पण ते हसणं घरापर्यंत पोचायच्या आत संपलेलं असे.

एकदा दसऱ्याच्या आधीच्या रविवारी हवालदारांनी पेटीच्या तळातली एक विलायती बाटली काढली. तिचा वास कोणालाच झेपेना. पाटील म्हणाले, खोकल्याचं औषध. कंपाउंडर म्हणाला, टिंचर आयोडीन, मी रोज लावतो. मी बराच वेळ गिलास नाकाशी धरून बसलो. मग म्हटलं, "होळी जळून जाते, दुसऱ्या दिवशी राखीवर बाया पानी टाकतात, तवा जो वास येते, तो हाये हा."

हवालदारांनी फुलपात्र खाली ठेवलं. माझ्याकडे पाहतच राहिले.

"साह्यब लोक याच्यावर घंटा घंटा बोलायचे," ते म्हणाले. "पन तू जे सांगतलं ते कोनी नाही सांगतलं. तुले नाक हाये, किसन."

मला आयुष्यात शाळेने काही दिलं नाही, सरकारने काही दिलं नाही. तुला अमुक आहे, असं मला पहिल्यांदा त्या माणसाने सांगितलं. तेव्हापासून ओतण्याआधी ते बूच माझ्या नाकाखाली धरायचे. मी काही बोललो तर फक्त मान हलवायचे. आणि त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणायचे, "नाकानं पेवा. तोंडानं फक्त सही करा."

थंडीच्या दिवसांत बैठकीचं रूप बदले. तेव्हा तुलना बंद. माझ्या मळ्यातले लिंबू, गोदाआक्काच्या डब्यातल्या लवंगा, थोडा मध, उकळतं पाणी आणि त्यात एक माप व्हिस्की. साहेब लोक त्याला काहीतरी नाव द्यायचे, आम्ही काढाच म्हणायचो. उन्हाळ्यात तेच लिंबू, खडीसाखर आणि गोळी सोडा. "चांगल्या दारूत काही टाकू नोका, अन् वाईट दारूत काही टाकून उपेग नाही," ते म्हणत. "हे सगयं मधल्यासाठी. आपल्यासारख्यासाठी."

पण गावात त्यांची किंमत वाढली ती या बैठकीमुळे नाही. दारूबंदीत लेबल एक आणि आत दुसरंच, हा धंदा जोरात होता. सुताराकडचं लाकडाचं पालिश गाळून, जळलेल्या साखरेने रंगवून, वर लवंग-इलायची टाकून बाटलीत भरत. पलीकडच्या एका गावात बारशाच्या पंगतीत ते पिऊन दोन माणसांचे डोळे गेले. त्यानंतर आमच्याकडे चाल पडली. कोणाकडे कार्य असो, पाहुणे असोत, बाटली आधी हवालदारांच्या ओट्यावर यायची. ते बूच काढत, डोळे मिटत, वास घेत. ठीक असली तर "ने" म्हणत. नसली तर एक शब्द न बोलता निंबाच्या बुडाशी ओतून टाकत आणि रिकामी बाटली परत देत. कोणी भांडत नसे. एकदा कालव्याचा ओव्हरसियर मोठ्या ऐटीत एक बाटली घेऊन आला, तीही ओतली. तो लालबुंद झाला. हवालदारांनी त्याला बुचावरची दोन भोकं दाखवली. एकच बूच दोनदा उघडलं होतं.

या कामाचं त्यांनी कधी काही घेतलं नाही. का करता, असं मी एकदाच विचारलं. ते गिलास पुसत होते. पुसतच म्हणाले, "लढाईच्या टाइमाले छावनीत तीन पोट्टे होते, सैपाकघरातले. पालिश पेले. मी बूच हुंगलं होतं, मले समजलं होतं. मी म्हटलं, आपल्याले काय करा लागते." मग गिलास सूर्याकडे धरला. "तिघंही सकायी उठले नाहीत."

एवढंच. पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

पाच-सहा वर्षं अशी गेली. मग एका हिवाळ्यात त्यांना मोठा ताप आला. छाती भरली, पंधरा दिवस अंथरुणावर. गोदाआक्काने नवस केला, कंपाउंडरने सुया टोचल्या. उठले, पण माणूस बदलून उठला. आधी रविवारच्या बैठका पंधरवड्यावर गेल्या. मग ओट्यावर येणाऱ्या बाटल्या ओतल्या जाऊ लागल्या. एकामागून एक. कंपाउंडरने आणलेली ओतली. पाटलांनी आणलेली ओतली. एका शेतकऱ्याची मोहाची, त्याच्या स्वतःच्या सासऱ्याने गाळलेली, तीही ओतली.

"म्हतारा माजला," लोक म्हणू लागले. "पेता येत नाही आता, म्हनून दुसऱ्याले पेऊ देत नाही."

मी त्यांची बाजू घेऊन भांडलो. दोन ठिकाणी तर हातघाईवर आलो.

त्याच फाल्गुनात माझ्या बहिणीचा नवरा मुंबईहून आला. तो गोदीत कामाला. त्याने माझ्यासाठी एक विलायती बाटली आणली, कपड्यांत लपवून. मी ती कांद्याच्या पोत्यात ठेवली आणि रविवारची वाट पाहिली. खरं सांगतो, ती मला प्यायची नव्हती. मला एकदा खेळायचं होतं. पाटलांपुढे माझी बाटली फडक्यात गुंडाळली जावी, जिंको नाहीतर हारो. हारली तर सहा गिलास असे घासले असते की पाटलांनी तोंड पाहून घेतलं असतं.

रविवारी मी ती ओट्यावर ठेवली. पाटलांनी भुवया उचलल्या. कंपाउंडर म्हणाला, "वाह रे किसन!" मी हवालदारांकडे पाहत होतो.

त्यांनी बूच काढलं. बाटली नाकाशी धरली. नेहमीपेक्षा जास्त वेळ धरली. मग उठले, निंबाशी गेले, आणि ओतली. सगळी. भडभड आवाज करत.

वारा माझ्याकडे होता. आणि त्या वाऱ्यावर वास आला, पाणी टाकलेल्या होळीच्या राखेचा. तोच. चोख. जगात त्या वासाला फसायचा नाही असा कोणी असेल तर तो मी, आणि तो ओतणारा.

"हवालदार!" मी ओरडलो. "हे खरी होती!"

त्यांनी रिकामी बाटली माझ्यापुढे धरली.

"घे," पाटील हसले. "हारली तुही बाटली. घास गिलास."

मी हवालदारांच्या डोळ्यांत पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना तुम्ही सोडून तू म्हटलं. "तुह्या पोटात दुखलं. वांगेवाल्यानं विलायती आनली, ते सोसलं नाही तुले. तुह्या ओट्यावर आता पाय ठेवनार नाही."

गिलास तसेच सोडून मी उठलो. समोर घर, मधे दहा पावलांचा रस्ता. तो मी सात महिने ओलांडला नाही. ते ओट्यावर दिसले की मी मान फिरवायचो. त्यांनी दोनदा हाक मारली, मी ओ दिली नाही. माझ्या बायकोने सांगून पाहिलं. तिलाही दोन दिवस बोललो नाही. असा मी आहे.

सात महिन्यांनी, आश्विनात, मळ्यात जायला निघालो तर गल्लीभर करपलेल्या दुधाचा वास. नाकात शिरून डोळ्यांत पाणी यावं असा. गोदाआक्का संग्रामपूरला बाजाराला गेली होती, हे बायकोकडून ऐकलं होतं. मी पाहिलं तर हवालदारांच्या दारातून धूर. शप्पथ विसरलो, आत गेलो.

चुलीवर दूध उतून, आटून, पातेलं काळं पडलं होतं. चुलीपासून हातभर अंतरावर हवालदार चुलीकडे पाठ करून बसले होते. गिलास पुसत होते. शांत.

"दूध!" मी म्हटलं.

"कोन, किसन?" त्यांचा चेहरा उजळला. "ये ये. कोन्तं दूध?"

मी पातेलं उतरवलं. ते वळले. पातेलं पाहिलं. मग मला पाहिलं. हातातलं फडकं तसंच गिलासात राहिलं.

"कवापासून?" मी विचारलं.

"तापातून उठलो तवापासून."

"काहीच येत नाही वास?"

"काहीच नाही. शेन नाही, रॉकेल नाही. आक्का भाकर भाजते, मले आवाजावरून समजते."

मी खाली बसलो. "मंग माही बाटली?"

"हुंगली," ते म्हणाले. "चांगला वास नाही आला. वाईट नाही आला. मले काय मालूम ते काय हाये? जे मले मालूम नाही ते मी कोनाच्या गिलासात टाकू कसं?"

"तसं म्हनायचं होतं ना! म्हनायचं का समजत नाही मले!"

"तेच तं म्हनता येत नव्हतं, बाप्पा," ते म्हणाले. "बाटल्या ओतता येत होत्या."

माझ्या जिभेवर पुष्कळ आलं होतं. सात महिन्यांचं होतं. पण त्या गिलासात अडकलेल्या फडक्याकडे पाहून ते गिळलं. मग म्हटलं, "मी हुंगत जाईन. तुमच्या बाजूले बसीन. वाईट असली का खोकलीन. कोनाले समजनार नाही."

त्यांनी मान वर केली. जुना हवालदार दिसला क्षणभर.

"दुसऱ्याच्या नाकावर मी सही करत नाही," ते म्हणाले.

मीही उठलो. हट्टाला हट्ट.

पुढच्या महिन्यात पाटलांच्या मुलीचं लग्न निघालं. व्याही मोठे लोक. वरपक्षातल्या चार मानकऱ्यांसाठी पाटलांनी चार बाटल्या मिळवल्या होत्या, कोणत्या वाटेने ते त्यांनाच ठाऊक. लग्नाच्या आदल्या रविवारी ते बाटल्या घेऊन हवालदारांच्या ओट्यावर आले. एकटे नाही, नवरदेवाचा मामा बरोबर होता. जरीची टोपी, काठी. कंपाउंडर होता, गल्लीतली दहा-बारा माणसं होती. मी माझ्या दारात उभा राहून पाहत होतो.

"हवालदार," पाटील म्हणाले. आवाज गोड होता, पण त्यात दात होते. "लय झालं तुमचं ओतनं. या चारात एक बी ओतली तं कारन सांगा लागन. पाव्हन्यापुढं माही इज्जत हाये."

चारही ओतल्या तर पाटील त्यांना गावात राहू देणार नाहीत. एकही ओतली नाही आणि त्यात पालिश निघालं, तर चार माणसं लग्नाच्या मांडवातून उठणार नाहीत. आणि खरं बोलले, तर हवालदारांजवळ राहतं काय? शेती नाही, बायको-पोर नाही. नाव होतं, आणि ते त्या नाकावर उभं होतं.

त्यांनी पहिलं बूच काढलं. नाकाशी धरलं. डोळे मिटले. सगळी गल्ली त्या बाटलीकडे पाहत होती. मी पाहत होतो त्यांच्या हाताकडे.

त्यांनी बाटली खाली ठेवली.

"किसन," त्यांनी रस्त्यापलीकडे हाक मारली. "इकडे ये."

मी दहा पावलं चालून गेलो. ते आपल्या खुर्चीवरून उठले. पलटणीतून आणलेली ती वेताची खुर्ची, तिच्यावर कलेक्टर आला असता तरी त्यांनी त्याला बसू दिलं नसतं. तिच्यावर त्यांनी मला खांद्याला धरून बसवलं. मग ते लोकांकडे वळले, दोन्ही टाचा जुळवून उभे राहिले, जसे मेसमध्ये उभे राहत असतील.

"पाटील, आयका. माहं नाक गेलं हाये. हिवाळ्यातल्या तापात गेलं. त्याच्यानंतर ज्याच्या ज्याच्या बाटल्या मी ओतल्या, त्या खऱ्या बी असतीन, खोट्या बी असतीन. मले मालूम नव्हतं. किसनची खरी होती." थोडं थांबून म्हणाले, "हे मी पह्यलेच सांगा लागत होतं. नाही सांगतलं. आता नाक याचं. हा म्हनन ते."

कोणी हसलं नाही. हसावं असं तोंड कोणाचं होत नव्हतं.

मी वास घेतला. पहिली ठीक. दुसरी ठीक, थोडी उग्र. तिसरी ठीक. चौथी वरून गोड होती, इलायची, लवंग, सगळं वाणसामान. पण खाली, अगदी खाली, नवीन पलंगाचा वास होता. सुताराच्या दुकानाचा.

"हे नाही," मी म्हटलं. "पालिश हाये."

"एका वांगेवाल्याच्या नाकावर बाटली फेकता काय?" मामाने काठी आपटली.

"आठ दिवसात नाही शिकला हा," हवालदार म्हणाले. "सहा वर्सं मी सोता शिकवलं. पाटील, तुमी हुंगा. इलायची सोडून द्या, तिच्या खाली जा."

पाटलांनी बाटली घेतली. एकदा हुंगली, दुसऱ्यांदा हुंगली. मग त्यांचा चेहरा बदलला. एकदा नाव कळलं की तो वास लपत नाही. ते उठले, निंबाशी गेले आणि स्वतःच्या हाताने ओतून आले. मामाने काठी काखेत घेतली.

माणसं पांगली. तीन बाटल्या घेऊन पाटील गेले. जाताना ओट्याच्या पायरीवर थांबून त्यांनी हवालदारांना रामराम केला, दोन्ही हातांनी. तसा ते कोणाला करत नसत.

मी खुर्चीवरून उठत होतो, तर हवालदार म्हणाले, "बस." पेटीतून सहा गिलास काढले. एकाही गिलासात थेंब पडला नव्हता. ते घेऊन निंबाच्या बुडाशी गेले.

"काय करून राह्यले?" मी म्हटलं. "आज कोनी हारलं नाही."

"मी हारलो," ते म्हणाले.

आणि धोतराचा काचा मारून, उकिडवं बसून, राख आणि काथ्या घेऊन त्यांनी गिलास घासायला घेतले. मी पुढे झालो तर हाताने मला मागे सारलं. त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले, आणि मी त्यांना पुष्कळदा पाहिलं, आजारपणात पाहिलं, तिरडीवर पाहिलं. पण डोळे मिटले की तेच दिसतात. मावळतं ऊन, राखेने पांढरी झालेली बोटं, आणि धुतलेला एकेक गिलास सूर्याकडे धरून, एक डोळा मिटून, आत पाहणारे हवालदार. वास गेला होता. नजर मात्र अजून डाग सोडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यात जाण्याआधी मी रस्ता ओलांडला. गिलास ओट्यावर उपडे होते, सहाच्या सहा, लख्ख. हवालदार इस्त्रीत कोळसे भरत होते. मी गिलास उचलले आणि निंबाशी नेले.

"साफ हायेत ते," ते मागून म्हणाले.

"मालूम हाये," मी म्हटलं. "फाल्गुनातले राह्यले होते."

मी खाली बसलो, राख घेतली, आणि पहिला गिलास घासायला लागलो.